ते लेकरू कोणी सांभाळले?

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, धानाच्या पट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी मी एकपडदा चित्रपटगृहाचा व्यवस्थापक म्हणून काम करतो. आमच्या तिकीटविक्रीचे पंचांग शेतीवर चालते. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, कोरड्या पडल्या होत्या, लग्नसराई सुरू होती आणि आसपासच्या खेड्यांतून माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून येत होती. त्याचा हिंदी रिमेक ‘धडक’ २० जुलै २०१८ रोजी आला तेव्हा रोवणी, म्हणजे धानाची लावणी, ऐन भरात होती. अशा दिवसांत दुपारच्या खेळाला अर्धे सभागृह भरले तरी आम्ही समाधान मानतो. त्या शुक्रवारी ते अर्ध्याहून बरेच अधिक भरले. लोक उत्सुकतेने आणि आपुलकीने आले होते, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण रिमेक पडला की प्रेक्षकांना नवे काही नकोच असते असे म्हणून मोकळे होण्याची जी पद्धत आहे, ती मला मान्य नाही. तिकीट खिडकीजवळ उभी असलेली पोरे पोस्टरवरच्या नव्या नायक-नायिकेकडे बोट दाखवून हा पर्श्या आणि ही आर्ची असे एकमेकांना सांगत होती. त्यांनी नव्या चेहऱ्यांना ‘सैराट’मधली जुनी नावे स्वतःहून देऊ केली होती.

पहिल्या खेळात ‘झिंगाट’ सुरू झाले तेव्हा मी दाराशी उभा होतो. दोन वर्षांपूर्वी या गाण्याला आमच्या पडद्यासमोरची मोकळी जागा नाचणाऱ्यांना पुरत नसे. या वेळीही ढोलाची पहिली थाप पडताच पंचवीस-तीस पोरे उठून पुढे धावली. चाल तीच होती, संगीतकार तेच अजय-अतुल होते, आवाजही त्यांचाच होता, फक्त शब्द हिंदी होते. पहिली ओळ कानावर पडली आणि नाच मध्येच अडखळला. काही जण परत जागेवर जाऊन बसले. उरलेल्यांनी मात्र जागा सोडली नाही, आणि त्यांनी पडद्यावरच्या हिंदी शब्दांवर आपले मराठी शब्द मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. हळूहळू मागच्या रांगांनीही सूर धरला. चाल एकच असल्यामुळे ठेका कुठे चुकत नव्हता, पण सभागृहात एकाच वेळी दोन गाणी चालली होती आणि ध्वनिक्षेपकातले गाणे हरत चालले होते. आवाज वाढवू का, असे ऑपरेटरने वरून खुणेने विचारले. मी नको म्हणालो. त्या पोरांचा आवाज दाबणे मला योग्य वाटले नाही.

मध्यंतरात त्यांच्यापैकी काही जण माझ्या खोलीत आले. पंखा बंद आहे, आवाज फाटतो, तिकिटाचे पैसे परत द्या, अशा तक्रारी आम्हाला रोजच्याच असतात. यांची मागणी वेगळी होती. मध्यंतरानंतर हा चित्रपट थांबवून जुना लावावा, हवे तर आणखी पैसे घ्यावेत, असे ते म्हणत होते. मी त्यांना समजावले की पूर्वी अमरावतीहून रिळांच्या पेट्या येत, तेव्हासुद्धा असे करता आले नसते, आणि आता तर चित्रपट थेट सर्व्हरवर येतो व ज्या चित्रपटाची परवानगी आहे तेवढाच उघडतो. ते ऐकून त्यांच्यातला एक जण, ज्याचे कपडे नाचून घामाने भिजले होते, खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाला, “गाना तोच, ढोल तोच, मंग आंगात कावून नाही येत जी?” अंगात का येत नाही, याचे त्याला खरोखर उत्तर हवे होते. त्या वेळी घंटा झाली आणि तो आत गेला. पण प्रश्न माझ्याकडेच राहिला आणि त्या दिवशीचे पुढचे खेळ मी त्याच प्रश्नाने पाहिले.

भाषा हे त्याचे सोपे उत्तर झाले असते, परंतु ते पुरे पडत नाही. आर्ची बोलते ती करमाळ्याकडची बोली. आमची पूर्व विदर्भातली झाडीबोली तिच्यापासून कोसो दूर आहे, आणि आमच्याकडची माणसे हिंदी चित्रपट तर लहानपणापासून पाहत आली आहेत. मला वाटते, मुख्य उणीव कारणाची होती. मूळ चित्रपटात आर्ची पाटलाची मुलगी आहे आणि पर्श्या मासेमारी करणाऱ्या पारधी कुटुंबातला मुलगा आहे. पाटलाचा मुलगा भर वर्गात शिक्षकाच्या कानशिलात लगावतो आणि त्या एका प्रसंगात गावात कोणाचे काय चालते हे लख्ख दिसते. या दोघांना का जगू दिले जाणार नाही, हे आमच्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याने ते आपल्या गावाच्या वेशीवर पाहिलेले असते. रिमेकमध्ये कथा उदयपूरला गेली, मुलगी राजघराण्यातल्या राजकारणी माणसाची झाली, मुलगा उपाहारगृह चालवणाऱ्याचा झाला आणि जातीचा विषय ओझरत्या उल्लेखापुरता उरला. घटना जवळपास त्याच क्रमाने घडतात: भेट, पळून जाणे, परके शहर, भांडण, मूल. मात्र त्या ज्या कारणामुळे घडत होत्या ते कारण पातळ झाल्यावर तीच घटना पाहणाऱ्याला नुसती योगायोगाची वाटू लागते. लांबीचाही फरक आहे. मूळ चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे आणि हैदराबादच्या झोपडपट्टीतला संसार तो घाई न करता दाखवतो. रिमेकने ते सगळे कमी वेळात बसवले.

कथा आधी ठाऊक असते म्हणून रिमेक रंगत नाही, हा युक्तिवाद तर आमच्या भागात टिकतच नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत इथे झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव जातात, नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते आणि पाहिलेलेच नाटक पुन्हा मागवणारी गावे कितीतरी आहेत. नट बदलतो, गाणारी बदलते, तरी लोक चटया घेऊन थंडीत रात्रभर बसतात. याचे कारण असे की रंगमंचावरचा कोणताही प्रयोग अखेरचा नसतो. नट त्या गावच्या नाल्याचे नाव संवादात गुंफतो, टाळी पडली की थांबतो, लोकांनी मागितले की गाणे पुन्हा म्हणतो. मागच्या वर्षीचा नट कोणाच्या मनात शिल्लक असला तरी समोरचा नट त्या लोकांशी बोलत असतो. चित्रपटात हे नाही. तिथे एक चेहरा, एक आवाज, एक वाट कायमची ठरून जाते, आणि जी वस्तू कायमची ठरून गेली तिच्या जागी दुसरी आणून बसवणे फार कठीण असते.

माझ्या अनुभवात रिमेक चालले आहेत ते बहुधा जिथे मूळ कोणी पाहिले नव्हते किंवा मूळ मनात रुतून बसले नव्हते तिथे. व्ही. शांताराम यांचा १९७२ चा ‘पिंजरा’ मुळात १९३० च्या एका जर्मन चित्रपटावर बेतलेला, आणि १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वर, मात्र आमच्या लोकांच्या लेखी हेच मूळ आहेत. १९९० चा ‘अग्निपथ’ तिकीट खिडकीवर फारसा चालला नव्हता, म्हणून २०१२ मध्ये नव्या दिग्दर्शकाला पात्रे वगळायला आणि नवी घालायला मोकळीक मिळाली, आणि ती त्याने घेतली. ‘जंजीर’ किंवा ‘शोले’ यांना हात लावणाऱ्यांना ती मोकळीक नव्हती. त्यांनी जुन्याच्या नावावर तिकिटे विकली आणि प्रेक्षकाने हिशेब जुन्याच्याच दराने मागितला, यात मला प्रेक्षकाचा काहीच दोष दिसत नाही.

संध्याकाळच्या खेळाला रोवणीच्या बायांचा एक जथा आला. एका मोठ्या शेतकऱ्याची रोवणी दुपारी उरकली होती, मजुरी हातात पडली होती, आणि दिवसभर धानाची पऱ्हे, म्हणजे रोपे, रोवून पांढरीफट पडलेली बोटे घेऊन त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. खेळ सुटल्यावर त्यांच्यातली एक वयस्क बाई दारात थांबली. मी विचारले, “मावशी, पटला नाही का जी?” ती म्हणाली, “पटला न पटला ते सोडा, भाऊ. त्या लेकराले कावून मारलं?”

क्षणभर मला उलगडा झाला नाही, मग झाला. मूळ चित्रपटाच्या शेवटी आर्ची आणि पर्श्या मारले जातात, शेजारणीबरोबर बाहेर गेलेले त्यांचे मूल घरी परतते आणि रक्ताने भरलेल्या पावलांचे ठसे उमटवीत रडत निघते. चित्रपट तिथेच संपतो. रिमेकने हा शेवट उलटा केला आहे. तिथे नवरा आणि मूल मरतात, आई वाचते.

त्या बाईने सांगितले की मागचा चित्रपट पाहिल्यापासून तिला त्या लेकराची काळजी लागून राहिली होती. “मी रोवताना बायांले इचारत होती, का त्याले कोनं नेलं असन? त्या शेजारनीनं नेलं असन का? आज वाटलं, आता तरी दाखवतीन. तं यायनं मारूनच टाकलं.” तिच्याबरोबरच्या बायांपैकी एकीनेही हसून विषय टाळला नाही, उलट शेजारीण चांगली होती, तिनेच नेले असेल, असे दुसरीने तिथल्या तिथे ठामपणे सांगितले.

दुपारच्या पोराला जे उत्तर मला देता आले नव्हते ते या बाईने दिले, असे मी मानतो. चित्रपट संपताना प्रेक्षकाकडे काहीतरी सोपवून जातो, आणि ते त्यानंतर प्रेक्षकाच्या घरी वाढते. या बाईकडे एक अनाथ लेकरू सोपवले गेले होते आणि तिने ते बांधीच्या चिखलात उभे राहूनही सांभाळले होते. पोरांकडे एक गाणे सोपवले गेले होते, त्यातल्या शब्दांसकट. रिमेक करणारे कथेचे हक्क रीतसर विकत घेतात, आणि लेखी करारात तेवढेच येते. लोकांकडे काय राहिले आहे याची चौकशी करायला कोणी येत नाही. शेवट बदलणाऱ्याने कदाचित विचारपूर्वक बदलला असेल, जिवंत राहिलेल्या आईचे दुःख त्याला अधिक मोठे वाटले असेल. तरीही आमच्या सभागृहात त्या बदलाने नवे दुःख दिले नाही, जुने मात्र काढून घेतले.

शनिवारी सकाळी वितरकांचा फोन आला. दुसऱ्या खेळापासून आकडा का घसरला, असे त्यांनी विचारले आणि शहरांत चित्रपट चांगला चालल्याचेही सांगितले. ते खरे होते. देशभरात त्याने व्यवसाय केला, आणि त्या प्रेक्षकांतल्या अनेकांनी मूळ मराठी चित्रपट पाहिलेलाच नव्हता. मी त्यांना रोवणीचे कारण सांगितले, कारण तेही खरे होते, आणि मग त्या लेकराची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि सोमवारपासून खेळ कमी करायला संमती दिली. तेव्हापासून कोणताही रिमेक घेण्याआधी मूळ चित्रपट आमच्या पडद्यावर लागला होता का, हे मी नोंदवहीत पाहतो. लागला असेल आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला असेल, तर वितरकांना ठरावीक हमीची रक्कम कबूल करीत नाही, तिकीटविक्रीच्या टक्केवारीवरच घेतो.