तुमचे बिबटे नेहमी अंधारात का असतात?

फोटोंसमोर उभे राहून लोक हा प्रश्न मला हमखास विचारतात. वाघांचे फोटो स्वच्छ, उजळ असतात. मग बिबट्याच्या फोटोत तीन चतुर्थांश भाग काळा का, आणि आजकाल संगणकावर सगळे उजळवता येत असताना मी तसे का करत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर कॅमेऱ्यात आहे आणि उरलेले बिबट्याच्या राहण्यात.

माझे बहुतेक काम ताडोबाच्या जंगलात, त्यातही कोलारा आणि मोहर्ली या बाजूंना झाले आहे. हे जंगल सागाचे आणि बांबूचे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, पाणवठे उघडे पडतात आणि वाघ भर उजेडात पाण्यात येऊन बसतो. त्याच्या अंगावर ऊन असते आणि त्याला कुणापासून लपायचे नसते. बिबट्याचे तसे नाही. वाघाच्या मुलखात तो आडोशाने जगतो. बांबूच्या बेटाची कड, खडकाची सावली, ऐनाच्या झाडाचा दुबेळका, आणि त्यातही पहाटेचा किंवा सांजेचा वेळ, ही त्याची जागा. त्याला मोकळ्या उन्हात गाठायचे ठरवले, तर बहुतेक वर्षे मी रिकाम्या हाताने परत आलो असतो.

डिसेंबरमधली एक संध्याकाळ सांगतो, म्हणजे उजेडाचा हिशेब कळेल. फाटकाबाहेर पडायला फार वेळ उरला नव्हता. सूर्य टेकडीआड गेला होता, आकाशात अजून प्रकाश होता. पण बांबूखाली विहिरीत असावा तसा अंधार साठू लागला होता. वानराने खोकल्यासारखा इशारा दिला. मी लगेच कॅमेरा उचलून झाडी शोधू लागलो, तेव्हा आमच्या मार्गदर्शक ताई हळूच म्हणाल्या, ‘सर, कॅमेरा राहू द्या. वानर कुठं पाहून राहिलं, ते पाहा आधी.’ वानराच्या नजरेच्या रेषेत, आमच्यापासून तीसेक पावलांवर, बांबूच्या दोन बेटांमधल्या फटीत बिबट्याची मादी बसलेली होती. ठिपक्यांचे अंग वाळलेल्या पाचोळ्यात इतके मिसळून गेले होते की मला आधी फक्त तिचा पांढुरका गळा दिसला.

त्या वेळी कॅमेऱ्यात आकडे होते ते असे: छिद्र एफ/४, म्हणजे माझ्या ५०० मिलिमीटरच्या लेन्सचे सर्वांत मोठे, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२००, आणि शटर उघडे राहण्याचा वेळ सेकंदाचा ऐंशीवा भाग. भर दुपारच्या उन्हाशी तुलना केली, तर तिच्यावर पडणारा उजेड सुमारे हजार पटींनी कमी होता. एवढ्या लांब लेन्सला एरवी सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त वेळ शटर उघडे ठेवू नये, नाहीतर हाताच्या कंपाने फोटो पुसट होतो, असे शिकवले जाते. मग आधार लागतो. तांदूळ भरलेली कापडी पिशवी मी जिप्सीच्या दांडीवर ठेवतो, लेन्स तिच्यात रुतवतो, चालकाला इंजिन बंद करायला सांगतो आणि गाडीतल्या प्रत्येकाला न हलण्याची विनंती करतो. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय माझ्या हाताचा कंप घालवते. बिबट्याची हालचाल मात्र ती थांबवू शकत नाही. ते काम बिबट्याच करतो. मांजरकुळातला प्राणी भक्ष्यावर नजर रोखतो तेव्हा काही क्षण दगडासारखा स्थिर होतो, आणि त्या क्षणांत चार-पाच फोटोंचा एक झुबका काढायचा. त्या संध्याकाळी वीस फोटोंपैकी तीन धारदार आले. बाकीच्यांत कान फिरलेला होता, नाहीतर मान.

आता काळ्या भागाविषयी. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. चौकटीत बहुतांश अंधार असला की तो अंधारालाही राखाडी करू पाहतो, आणि त्या नादात बिबट्याच्या गळ्याचा आणि गालांचा पांढरा भाग पार जळून जातो. काळ्या बिबट्याच्या बाबतीत हे आणखी खटकते. २०१८ मध्ये ताडोबात असा बिबट्या पर्यटकांना दिसला होता. असे जनावर मापकावर सोपवले, तर कोळशासारखे अंग मळकट तपकिरी होऊन बसते. म्हणून मी मापकाने सुचवल्यापेक्षा एक, कधी दीड पायरी कमी प्रकाश घेतो (एक पायरी कमी म्हणजे प्रकाश निम्मा). बिबट्याच्या अंगावरचा सर्वांत उजळ भाग सांभाळायचा आणि बांबूखालचा अंधार अंधारच राहू द्यायचा.

तो नंतर संगणकावर उजळवता येतो, हे खरे. पण तिथून सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, प्रकाशकणच मोजके पोहोचलेले असतात. उजळवल्याने प्रकाश वाढत नाही, दाणे वाढतात. जिथे नजरेला काहीच दिसत नव्हते तिथे रंगीत धूळ उगवते आणि सगळा फोटो सपाट होतो. कागदावर छापताना मात्र मी तो किंचित उजळ करतो, कारण पडद्यापेक्षा कागद गडद वाटतो. रंगांचेही तसेच. कॅमेऱ्याला आपोआप रंग ठरवू दिले, तर सांजेची निळाई आणि बांबूतून झिरपणारी हिरवट छटा तो पुसून टाकतो. मी रंगांची मोजणी दिवसाच्या प्रकाशावर कायम ठेवतो, कारण ती निळाई तिथे होती.

‘मग फ्लॅश का नाही?’ हा पुढचा प्रश्न असतोच. भारतात रानातल्या वाघ-बिबट्यांचे रात्रीचे फोटो सर्वप्रथम ज्यांनी जिद्दीने काढले, ते वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन १९२० च्या दशकात वाटेवर तार बांधून, तिला जनावराचा धक्का लागला की उडणाऱ्या झगझगाटानेच फोटो घेत, आणि बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेणाऱ्या त्या माणसाविषयी मला नितांत आदर आहे. आज त्याची गरज नाही. मांजरांच्या दृष्टिपटलामागे चकाकणारा एक थर असतो, जो हाती आलेला उजेड डोळ्यात पुन्हा एकदा वापरू देतो. ज्या डोळ्यांची घडण इतक्या थोडक्या उजेडासाठी झाली आहे, त्यांच्यावर लख्ख झोत मारणे मला क्रूर वाटते. व्याघ्रप्रकल्पात त्याला मनाई आहे. नसती, तरी मी तो मारला नसता.

याच कारणाने माझ्याकडे वाघाटीचा एकही फोटो नाही. जेमतेम सव्वा-दीड किलो वजनाचे, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक असलेले हे जनावर आपल्या महाराष्ट्रात आहे, पण ते रात्रीचे. एका ऑक्टोबरात जंगलाबाहेरच्या रस्त्यावर ती गाडीच्या दिव्यांत आली. चालकाने आपण होऊन दिवे मंद केले. ती क्षणभर थांबली, आमच्याकडे बघून कान मागे घेतले आणि कडेच्या तरोट्यात शिरली. कॅमेरा माझ्या मांडीवरच होता.