पॅक ० ते १०८ : हात पतंगाचा, नाक ड्रोनचं

माझ्या वहीत तारखा कमी आणि पॅक जास्त आहेत. बॅटरी भरली, ड्रोन उडवला, उतरवला की एक पॅक. परवा १०८ झाले तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, जपमाळ पुरी झाली, आता लिहून काढ." नव्याने सुरू करणाऱ्यांना माझ्या चुका तरी उपयोगी पडतील, म्हणून बसले.

आधी सामान. ६५ मिलिमीटरचा व्हूप, म्हणजे पंख्यांभोवती प्लास्टिकची कडी असलेला चिमुकला ड्रोन. एकच बोर्ड, चार मोटरी, एका सेलची ३०० एमएएचची बॅटरी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बॅटरीसकट २९ ग्रॅम भरला, म्हणजे लसणाच्या बेताच्या गड्ड्याएवढा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' धरतात आणि त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. बाहेरून तयार ड्रोन आणणं ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, सुटे भाग चालतात. म्हणून भाग मागवले आणि जेवणाच्या टेबलावर जोडणी केली. मोटरींना बारके प्लग होते. सोल्डरिंग फक्त बॅटरीच्या दोन वायरींचं, तरी त्यातही पहिला डाग मटारच्या दाण्याएवढा पडला.

रिमोट आधी घेतला, ड्रोन नंतर. हे मात्र मी अगदी बरोबर केलं. रिमोट यूएसबीने लॅपटॉपला जोडून तीन आठवडे फक्त सिम, म्हणजे पडद्यावर ड्रोन उडवायचा सिम्युलेटर. डावा हात थ्रॉटल (पंख्यांचा जोर) आणि वळण, उजवा हात पुढे-मागे आणि आडवं सरकणं. सिममध्ये मी इतके ड्रोन आपटले की खरे असते तर घर गहाण पडलं असतं.

पॅक १. बडोद्यात दांडिया बाजारातला आमचा जुना हॉल, झोपाळा बाजूला बांधलेला, पंखा बंद, सासूबाई दारात. आर्म केलं (मोटरी चालू केल्या), थ्रॉटल दिला, आणि ड्रोन जागच्या जागी पालथा. पुन्हा सरळ केला, पुन्हा पालथा. पाच वेळा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, झुरळासारखा पडतोय." चूक माझीच. आदल्या रात्री पंखे काढून पुसले होते आणि परत बसवताना दोन उलटसुलट गेले. चारपैकी दोन पंखे घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलट, आणि एकाच दिशेचे दोन तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत असतात. सगळे एकाच दिशेने फिरले तर अंग उलट दिशेला गरगरेल, म्हणून ही जोडी. पंखा चुकीच्या मोटरवर गेला की तो कोपरा हवा वर फेकतो आणि ड्रोन त्या अंगाला कलंडतो. आता पंखा बसवला की बोट लावून बघते: पात्याची उंच कड फिरण्याच्या दिशेला पुढे हवी.

पॅक २ ते ३८ सगळे हॉलमध्येच. कारण सोपं आहे, आमचं घर हरणी विमानतळापासून सरळ रेषेत पाचेक किलोमीटर. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. ८ ते १२ च्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक, त्यापुढे हिरव्या भागात ४०० फूट. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर आमची अगाशी (गच्ची) लालेलाल. ज्या अगाशीवरून जन्मभर पतंग उडवले तिथून २९ ग्रॅमचं खेळणं वर सोडायचं नाही, हे पचायला वेळ लागला. पण समोरून विमान उतरताना दिसतं, त्यामुळे वाद घालायला तोंडही नाही.

बंद हॉलमध्ये हवा नसते असं मला वाटायचं. असते, आणि ती आपणच करतो. ड्रोन खाली ढकलतो ती हवा जमिनीवर पसरते, भिंतीला लागून वर चढते आणि फिरून ड्रोनवरच येते. कोपऱ्यात गेला की तो भिंतीकडे ओढल्यासारखा होतो. मधोमध, छातीच्या उंचीवर सगळ्यात शांत. पॅक २० च्या सुमारास झोपाळ्याच्या दोन साखळ्यांमधून आरपार जायला लागलं. पॅक २६ ला सासूबाई झोपाळ्यावर बसल्या असतानाच, त्यांच्या हुकमाने, डोक्यावरून. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. माझे हात मात्र घामाने निसटत होते.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. ड्रोनची शेपूट आपल्याकडे असते तोवर सगळे शहाणे. तो तोंड आपल्याकडे करून उभा राहिला की उजवं-डावं उलटतं. उजवीकडे म्हणून रिमोटची काठी ढकलली की तो आपल्या डावीकडे जातो. सिममध्ये, हॉलमध्ये, माझे दोन आठवडे या एकाच जागी अडले. कुणी सांगितलं, "ज्या बाजूला पडतोय त्या बाजूला काठी ढकल." चालतं, पण दर वेळी मनात हिशोब करावा लागतो आणि हिशोब होईपर्यंत पडदा आलेला असतो.

सुटका पतंगाने केली. लढाऊ पतंग ढिला सोडला की गरगरतो, आणि ताणला की नाक जिकडे असेल तिकडे सुसाट जातो. पतंगबाज उजवं-डावं बघतच नाही. नाक कुठे आलं ते बघतो आणि नेमक्या क्षणी खेचतो. हे मला सातव्या-आठव्या वर्षापासून हातात आहे, पण ड्रोन बघताना आठवलंच नव्हतं. मी व्हूपच्या नाकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि स्वतःला बजावलं, आपण त्या ठिपक्यामागे बसलोय. पॅक ३३ ला तोंड माझ्याकडे ठेवून पहिल्यांदा दहा आकडे मोजेपर्यंत स्थिर राहिला. वहीत तिथे तीन रेघा ओढल्या आहेत.

पण पतंगाच्याच हाताने फसवलंही. आमच्या इथे पेच अंगावर आला की सगळी अगाशी ओरडते, ढील दे! घाबरलं की माझा हात सोडतो. हॉलमध्ये हे कामाचं, पडद्यात अडकण्याआधी थ्रॉटल शून्य केला तर पंखे वाचतात. मोकळ्यावर नाही. पॅक ४४ ला दहाएक मीटरवरून ओढला जातोय असं वाटलं, डाव्या हाताने ढील दिली, आणि व्हूप दगडासारखा वांग्यांत. सावरायला थ्रॉटल दिला तेव्हा तो स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत सापडून लटपटत होता. खाली यायचं तर हळू आणि थोडं पुढे सरकत, म्हणजे त्याला ताजी हवा मिळते.

वांगी पादरा गावाकडची. नणंदेचं शेत तिथे आहे, नकाशावर हिरवं, शेजारचं वावर रिकामं पडलेलं. रविवारी सकाळी सातला निघायचं, नऊच्या आत आटपायचं, कारण ऊन तापलं की वारा सुटतो. पतंगाला लागतो तो वारा या जिवाला नको. झाडाची पानं नुसती थरथरत असतील तर उडवते, फांद्या हलल्या की बॅग बंद. आणि खाली शांत असलं तरी विहिरीवरच्या लिंबाच्या शेंड्याच्या वर वेगळंच वाहतं, हे पतंगवाल्यांना सांगायला नको.

पॅक ७१, उत्तरायणानंतरचा (पतंगांच्या संक्रांतीनंतरचा) रविवार. बाभळीच्या कडेने वळवला आणि एक मोटर किंचाळली. उतरवून पाहिलं तर पंख्याच्या खाली, मोटरच्या टोपीत, गुलाबी मांजा. वीतभर तुकडा असेल, पण दांड्यावर इतका घट्ट बसला होता की धागा आणि धातू वेगळे दिसेनात. घरी भिंग, चिमटा, सुई. पंखा उपसला, एक टोक सापडलं, उलट दिशेने एकेक वेढा सोडवत तास गेला. काचेच्या कोटिंगने बोट चिरलं. मोटर फिरायला लागली पण बेअरिंग खरखरायला लागलं, शेवटी बदललीच. तेव्हापासून जानेवारी-फेब्रुवारीत झाडातारांपासून लांब, आणि उडवायच्या आधी वावरातून एक फेरी मारून दिसेल तो मांजा पिशवीत. पक्ष्यांचेही पाय त्यात अडकतात.

पॅक ८० पासून गॉगल, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर दाखवणारा. गॉगल लावला की आपण ड्रोनच्या नाकावर असतो आणि बाकी जगाला आंधळे. म्हणून भाचा शेजारी उभा, उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर नजर ठेवून. लहानपणी मी दादाची फिरकी धरायचे, तेच काम. त्याला सांगून ठेवलंय की बडबड नको, फक्त "माणूस", "तार", "घार" एवढंच. घार खरंच आली होती, पॅक ८८ ला, दोनदा घिरट्या घालून गेली. मी लगेच उतरवला.

माझ्या जास्त व्होल्टच्या (एचव्ही) बॅटऱ्यांचं थोडक्यात: भरताना ४.३५ व्होल्ट, उडताना ३.३ दिसले की उतरायचं, आणि ठेवताना ३.८. आठपैकी एक मी भरलेली तशीच स्कूटरच्या डिकीत विसरले, भर दुपारी. संध्याकाळी ती पापडासारखी फुगली होती. आता वाळूच्या डब्यात पडून आहे.

मोटर बदलल्यापासून नाक किंचित डावीकडे वळतं. बोर्ड हलला असावा असं भाच्याचं म्हणणं, मला पंखा संशयास्पद वाटतो. रविवारी नवे पंखे लावून पॅक १०९.