नवतपातली पन्नास हजारी

‘५०,००० एमएएच’ असं ठळक सोनेरी अक्षरांत छापलेली ती काळी पॉवर बँक हातात आली, तेव्हा मी ती आधी वजनकाट्यावर ठेवली. काटा ४१० ग्रॅमवर थांबला. समोर बसलेले पुरवठादार हसले. “काय भाऊ, भाजी तोलून राहिले का?”

तोलायचं कारण साधं होतं. २१७०० आकाराचा चांगला लिथियम-आयन सेल साधारण ७० ग्रॅमचा असतो आणि त्यात ५,००० एमएएच (विजेच्या साठ्याचं माप) मावतात. पन्नास हजारांसाठी असे दहा लागतील. म्हणजे नुसत्या सेलचेच ७०० ग्रॅम, डबी आणि सर्किट वेगळं. चपटे पाउच सेल वापरले तरी हिशेब फारसा हलत नाही. तेव्हा आकडा खोटा आहे हे डबी न उघडताच दिसत होतं. पण ‘मला दिसलं’ एवढ्यावर खरेदी समिती ऐकत नाही, तिला चाचणीचा कागद लागतो.

मी नागपुरातल्या एका आरोग्यसंस्थेत उपकरणं सांभाळतो. बीपीच्या यंत्रांपासून इन्व्हर्टरपर्यंत जे बिघडतं ते माझ्या टेबलावर येतं. आमच्या टीम मेळघाटात धारणीकडे जातात, नोंदी सगळ्या मोबाइलवर आणि लॅपटॉपवर. तिथे लाइन असते तेव्हा असते. म्हणून चाळीस पॉवर बँका घ्यायचं ठरलं आणि दोन नमुने आले: ही काळी, आणि दुसऱ्या पुरवठादाराची करडी, २०,००० एमएएचची. किमती जवळपास सारख्या. हिशेबाच्या काकांनी दर हजार एमएएचमागे किती रुपये पडतात असा तक्ता काढला होता. त्यात काळी डोळे झाकून जिंकत होती.

चाचणीचा दिवस नेमका नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक तापत्या दिवसांत आला. सकाळी कूलरमध्ये पाणी भरायच्या आधीच खोलीत ३४ अंश होते. आदल्या दिवशी दोन्ही बँका माझ्या नजरेसमोर पूर्ण चार्ज करून ठेवल्या होत्या. काळीचे पुरवठादारही आले. “चाचणी माझ्यासमोर करा” हा त्यांचा आग्रह, आणि तो रास्तच होता. सोबतीला आमची आयटीआयची शिकाऊ मुलगी, वही घेऊन.

दोन्ही बँका इलेक्ट्रॉनिक लोडला, म्हणजे ठरावीक वीज ओढणाऱ्या यंत्राला लावल्या, ९ व्होल्ट, २ अँपिअर, आणि बंद पडेपर्यंत किती वॉट-अवर, म्हणजे किती ऊर्जा बाहेर येते ते मोजत बसलो. एमएएचमध्ये मोजतच नाही मी. एमएएचचा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, मोबाइलला आपण ५ किंवा ९ व्होल्ट देतो, आणि ते वाढवताना सर्किटही आपला हिस्सा खातं. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, त्याला ३.७ ने गुणलं की ७४ वॉट-अवर. त्यातले ६०-६५ बाहेर आले तर माल चोख समजायचा. प्रामाणिक कंपन्या खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून खरा आकडा देतात. करडीच्या मागे ५ व्होल्टला १२,५०० लिहिलं होतं. तेवढं लोक वाचत नाहीत आणि मग ‘वीस हजाराची घेतली, बारा हजारच देते’ म्हणून दुकानदाराशी भांडतात.

दुपारी बारानंतर निकाल आला. करडीतून ६३ वॉट-अवर. काळीतून ५८.

“पन्नास हजाराचे किती व्हायला पाहिजे होते, सर?” मुलीने विचारलं.

“तूच काढ.”

तिने वहीत गुणाकार केला. १८५. मग काळीकडे आणि पुरवठादारांकडे आळीपाळीने पाहिलं.

“लिहून तर पन्नासच आहे नं वरती,” ते म्हणाले. “आणि भाऊ, आमचे साहेब हीच घेऊन विमानात जातात दिल्लीला. कोणी अडवत नाही.”

मला हसू आवरलं नाही. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बँक हातातल्या बॅगेत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, १६० च्या वर बंदीच. खरोखरच पन्नास हजारांची असती तर साहेबांना ती विमानतळावरच सोडून जावं लागलं असतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे कमी आहे तेच बरं आहे की!” हजरजबाबी माणूस, मला ते आवडायला लागले होते.

लॅपटॉपचं फार सांगत नाही. काळीवर १०० वॉट छापलं होतं, पण टेस्टरवर १२ व्होल्टच्या वर काहीच देऊ करत नव्हती, आमचे लॅपटॉप २० व्होल्ट मागतात. करडीने २० व्होल्ट दिले. साध्या केबलवर ३ अँपिअरच्या वर जाता येत नाही, त्याहून जास्तीसाठी केबलमध्ये चिप लागते, पण ६० वॉट आमच्या कामाला पुरेत. खोक्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणीचा आर-नंबर मुलीने बीआयएस केअर अॅपवर टाकला. करडीचा जुळला. काळीवरचा नंबर खरा होता, पण दुसऱ्याच कुठल्या तरी वस्तूचा.

इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला करडीची परीक्षा घ्यायची होती. कारण आमच्या टीमना गावात वीज मिळते ती बहुतेक दुपारी, आणि चार्जिंग होतं ते पत्र्याच्या खोलीत नाहीतर उन्हात उभ्या जीपमध्ये. आमच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली आहे, जुन्या खाटा ठेवायची. तिथे दुपारी एकला थर्मामीटर ४४ दाखवत होता. दाराशी वाळूची बादली आणि पाण्याचा पिंप ठेवला, दोन्ही रिकाम्या बँका फरशीवर हातभर अंतराने मांडल्या आणि चार्जर लावले. आम्ही दाराबाहेर टॉवेल डोक्याला गुंडाळून, हातात तापमानाची गन.

पंधरा-वीस मिनिटांत करडीचा दिवा लुकलुकला आणि चार्जिंग बंद. मीटरवर शून्य.

पुरवठादार उठून उभेच राहिले. “पाहा! बंद पडून गेली! आणि माझी? माझी चालूच आहे नं, मस्त!”

आणि खरंच, काळी चालू होती. डबीवर ४९ अंश. पुढच्या वेळी ५३. मुलगी दर दहा मिनिटांनी लिहीत होती आणि तिच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या. डॉक्टर मॅडमही वर आल्या. मेळघाटातल्या दुपारी त्यांनी जवळून पाहिल्या आहेत. त्यांचा पहिला प्रश्न तोच, जो कुणीही विचारेल: “दुपारी चार्ज होत नसेल तर ती करडी घ्यायची कशाला?”

मी म्हटलं, थोडं थांबा. काळी ५८ वर गेली तेव्हा मी स्वतः तिचा चार्जर काढला. बाहेर ५८ म्हणजे आत त्याहून जास्त. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा ४५ अंश. त्यावर चार्ज करत राहिलं की आतलं रसायन बिघडत जातं, वायू धरतो, सेल फुगतो. लगेच पेटेलच असं नाही. पण अशा चाळीस बँका दोन उन्हाळे जीपच्या सीटखाली राहणार होत्या.

काळी दोन तास तशीच निवू दिली. मग मॅडमच्या आणि पुरवठादारांच्या परवानगीने, खाली टेबलावर तिची डबी उघडली. आत चार पाउच सेल, त्यांच्यावर चिकटपट्टी, आणि कडेला सर्किट. सर्किटवर एका जागी ‘एनटीसी’ अशी पांढरी अक्षरं होती. तिथून दोन वायर निघून सेलला चिकटलेल्या थर्मिस्टरपर्यंत, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या छोट्या भागापर्यंत जायला हव्यात. थर्मिस्टर तापला की त्याचा रोध घटतो, त्यावरून चार्जिंगच्या चिपला कळतं की आता थांबायचं. इथे वायरच नव्हत्या. त्या जागी एक साधा रेझिस्टर डाग देऊन बसवला होता. भिंगाखाली त्यावरचा आकडा वाचला: १०३. म्हणजे १० वर तीन शून्यं, १० किलोओहम. नेहमीच्या वापरातला थर्मिस्टर बरोबर २५ अंशांना एवढाच रोध दाखवतो.

मुलीला आधी उलगडेना. मग एकदम म्हणाली, “म्हणजे सर, हिला वाटतं नागपुरात बारा महिने पंचवीस डिग्रीच असते?”

मॅडम खळखळून हसल्या. पुरवठादार हसले नाहीत. भिंग मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं. “मले तर बंद डब्यातच येते माल,” ते म्हणाले. मला ते खोटं वाटलं नाही. विकणाऱ्यांपैकी डबी उघडून कोण पाहतं? ज्याने तो रेझिस्टर लावला त्याला मात्र आपण काय करतो आहोत हे नक्की माहीत होतं. थर्मिस्टर काही महाग नसतो. वाचले ते फार तर दोन-चार रुपये.

दरम्यान करडी मुलीने खाली आणून कूलरच्या खोलीत टेबलाखाली लादीवर ठेवली होती, चार्जर लावूनच. कुणी बटण न दाबता ती आपली आपण पुन्हा सुरू झाली होती.

मॅडमचा प्रश्न तरी उरलाच होता, आणि तो खोटा नव्हता. थांबणारी बँक सुरक्षित असली तरी रिकामी बँक घेऊन रात्री नोंदी होत नाहीत. आम्ही दोघं त्यावर बराच वेळ बोललो. शेवटी अहवालात दोन अटी घातल्या: चार्जिंग पत्र्याखाली किंवा जीपमध्ये करायचं नाही, कौलारू घरात सावलीला, जमिनीवर, उघड्यावर ठेवायचं, वर कपडा नको. आणि प्रत्येक टीमला एकाऐवजी दोन बँका, म्हणजे सकाळी लाइन असली की एक गारव्यात भरून ठेवता येईल. यामुळे पैशाचं गणित फिरलं आणि काका नाराज झाले. त्यांच्या तक्त्यात ‘५०,०००’ खोडून काय लिहायचं यावर आमची जुंपली. मी म्हटलं एमएएचचा रकानाच काढा, मोजलेले वॉट-अवर लिहा. ते म्हणाले ऑडिटवाल्यांना वॉट-अवर कळत नाही. अखेर दोन्ही रकाने ठेवले, आणि काळीच्या पुढे शेऱ्यात ‘अमान्य, तापमान-संरक्षण नाही’.

पुरवठादारांनी अहवालाची प्रत मागितली, ती दिली. उघडलेला नमुना परत न्यायला ते तयार नव्हते. “ठेवा तुमच्याकडेच, भाऊ. मी माल पाठवणाऱ्यालेच फोन लावतो आधी.” संध्याकाळी मुलीने त्यातले सेल बल्ब लावून रिकामे केले, टोकांना टेप लावली आणि ई-कचऱ्याच्या पेटीत टाकले. तो १०३ चा रेझिस्टर तिने मागून घेतला आणि चिकटपट्टीने वहीत चिकटवला.