हरेगावच्या वाटेवरची ती दुपार

आई होती तोवर मतमाउलीच्या, म्हणजे हरेगावच्या मरियामातेच्या, यात्रेला आम्ही दरवर्षी वैजापूरहून जीपने जायचो. मार्चमध्ये ती गेली, कॅन्सर, शेवटी शेवटी पाण्याचा घोट पण गिळवत नव्हता. म्हणून यंदा हरेगावला पायीच जायचं ठरवलं.

शुक्रवार होता, म्हणजे जपमाळेत दुःखाची रहस्यं, येशूच्या दुःखाचे प्रसंग आठवत एकेक मणी नमो मरियाची प्रार्थना. गोदावरीचा पूल यायच्या आधीच टाचेचा फोड फुटला, मोजा चिकटून बसला, आणि बरोबरची मावशी म्हणते, सहन कर बाई, देव लाडक्यांचीच परीक्षा बघतो. आईच्या मयतीलाही हेच ऐकलेलं. इतका राग आला की मी नमो मरिया म्हणायचंच थांबले, मुद्दाम मागं राहिले. कुठला बाप लेकीचं पाणी तोडून परीक्षा घेतो? मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू रडला, आणि क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर स्वतःच म्हणाला ना, हा प्याला टळू दे म्हणून.

कपाशीत एक म्हातारी खुरपत होती. "अगं बाई, रगत यायलंय की," म्हणून मला बांधावर बसवलं. कळशीतलं पाणी टाचेवर ओतत राहिली, मोजा भिजून आपोआप सुटेपर्यंत, ओढला नाही. घरी जाऊन वाटीत खोबरेल आणि हळद आणली, जुन्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली. गळ्यात तुळशीची माळ. "पंढरीला माझे बी असेच झाले व्हते," एवढंच बोलली. कुठं चाललीस, काय नवस, काही नाही.

फादरांनी एकदा सांगितलेलं, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 मध्ये दुःखावर पत्र लिहिलं, 1981 ला त्यांना स्वतःला गोळी लागलेली, आणि त्या पत्रात शेवटाकडे चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा बांधणाऱ्या परक्याची. तेव्हा मला वाटलं होतं, दुःखावर बोलताना ही गोष्ट कशाला? त्या बांधावर कळलं. क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेतलं पाचवं स्थान पण आठवलं, शिमोन कुरेनेकर शेतावरूनच येत होता, त्याला तर येशूचा क्रूस उचलायला शिपायांनी वेठीला धरलं. हिला कोणी धरलं नव्हतं.

पूल, नगर जिल्हा, रात्रीचा मुक्काम, सगळं लंगडतच. मावशीने रात्री माझी पिशवी स्वतःच्या उशाशी ठेवली, राग बराच उतरला.

हरेगावला रांग लांबच लांब. आईसाठी काय बोलायचं ते पाठ करून गेलेले, पण मतमाउलीपुढं उभी राहिले तर पहिली नमो मरिया त्या म्हातारीसाठीच निघाली. नाव विचारायचं राहिलं होतं, म्हणून नुसतं म्हटलं, ती कपाशीतली.