आमची वाटचाल : स्टोव्हच्या वायसरपासून दहा मीटरपर्यंत

गेल्या वर्षी एका सत्कार समारंभात एका गृहस्थांनी माइकवरून सांगितलं की खान्देशात एअरगनचा छंद त्यांनी आणला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. त्या गृहस्थांनी पिस्टनमधली कमान, म्हणजे स्प्रिंग, पहिल्यांदा हातात धरली ती माझ्या दुकानात, माझ्याच बाकावर. तिथे उठून बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून बोललो नाही. पण घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही लिहून ठेवा." म्हणून लिहितोय.

आमचं दुकान भुसावळचं. वडील स्टोव्ह आणि पेट्रोमॅक्स दुरुस्त करायचे. घरोघरी गॅस आला आणि ते काम आटत गेलं. १९९८ साली एक फुगेवाला धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा उरकून आला, गोणपाटात चार बंदुका गुंडाळून. वैशाखात त्याला अमळनेरच्या यात्रेत स्टॉल लावायचा होता आणि चारपैकी एकाही बंदुकीतून फुगा फुटत नव्हता. मुंबईला पाठवायला वेळ नव्हता. वडिलांनी एक खोलली. आत पिस्टनच्या तोंडाला चामड्याची वाटी होती, फाटलेली. वडील हसले. स्टोव्हच्या पंपात असतो तोच वायसर, फक्त मोठा! त्यांनी म्हशीचं चामडं रात्रभर भिजवलं, पितळी साच्यात दाबून वाटी केली, सुकवली, तेलात मुरवली आणि बसवली. एका वायसरचे पंचवीस रुपये घेतले. पुढच्या वर्षी मुक्ताईनगर, सारंगखेडा, जळगावचा रथ, जिथे जिथे फुग्यांचे स्टॉल लागायचे तिथल्या बंदुका आमच्याकडे यायला लागल्या.

यात्रेच्या बंदुका लवकर का मरतात हे आम्ही तेव्हाच शिकलो. पोरं छर्रा न घालता चाप ओढतात. छर्रा असला की पुढे हवा कोंडते आणि त्या हवेच्या उशीवर पिस्टन अलगद थांबतो. छर्रा नसला की तो सरळ लोखंडावर आदळतो. दहा वेळा आदळला की वायसर फाटतो, शंभर वेळा आदळला की कमान तुटते. आजही नवीन बंदूक घेऊन घरी पोचलेला माणूस आधी पाहुण्यांना रिकामा चाप ओढून दाखवतो. कृपा करून दाखवू नका.

आमच्या धंद्याला खरा आकार दिला तो आप्पांनी. वरणगावच्या आयुध निर्माणीतून, जिथे बंदुकीची काडतुसं बनतात तिथून, ते टर्नर म्हणून निवृत्त झाले होते. दुपारी आमच्या दुकानात चहाला यायचे, आणि एक दिवस स्वतःची पेटीच घेऊन आले. कागदावर कधी भागीदारी झाली नाही. दुरुस्तीच्या कमाईतला निम्मा हिस्सा त्यांचा, एवढा शब्द होता आणि तो त्यांच्या शेवटच्या महिन्यापर्यंत पाळला.

आप्पांनी केलेला शिकंजा अजून माझ्या बाकावर आहे. अडीच फुटी सागवानी पाट, एका टोकाला पितळेची वाटी, दुसऱ्या टोकाला जाड आट्यांचा स्क्रू आणि हाताने फिरवायची मूठ. बंदुकीची कमान दाबून बसवलेली असते. पिन काढताना ती सुटली तर दात पाडते. या शिकंजात बंदूक धरायची, मूठ फिरवून भार घ्यायचा, सुंब्याने पिन हलकेच बाहेर ठोकायची, मग सावकाश आटे सोडायचे. कमान स्वतःच सांगते की आता माझ्यात जोर उरला नाही. पंचवीस वर्षांत त्या शिकंजाने कोणाच्या नखालाही धक्का लावला नाही. यूट्यूब बघून मांडीवर बंदूक खोलणाऱ्यांचे हात मी पाहिले आहेत.

आप्पा म्हणायचे, "भो, कमान बदलता येते, वायसर बदलता येतो. नळी गेली तं बंदूक गेली." नळीच्या तोंडाशी ते नखाएवढी कापसाची बोंडी फिरवायचे. एखादा धागा अडकला तर तिथे कंगोरा आहे. छर्रा बाहेर पडताना त्या कंगोऱ्याला घासून तिरपा होणार. लोक मग बंदुकीवरच्या दुर्बिणीला दोष देतात.

२००८च्या ऑगस्टमध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलचं सुवर्ण घेतलं आणि आमच्या दुकानात पहिल्यांदा कॉलेजची पोरं आली, नेमाचं विचारायला. पुढच्या वर्षी मागच्या गोदामात आम्ही नेमबाजीच्या दहा मीटरच्या चार पट्ट्या केल्या. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बॉलपेनने टेकवलेल्या टिंबाएवढा. दहा मीटरवरून तो दिसतही नाही, काळं वर्तुळ डायऑप्टरच्या, म्हणजे नेम धरायच्या बारीक भोकाच्या, गोलात मधोमध बसवून विश्वासाने चाप सोडायचा असतो. ते पाहिल्यावर बरीच पोरं पळाली. जी राहिली त्यांतली काही आजही येतात. मधली वर्षं अशीच गेली, बरी गेली.

आता सत्कारातल्या त्या गृहस्थांचं. नाव घेत नाही. दहावी नापास होऊन आमच्याकडे आला होता, आप्पांनी त्याला चार वर्षं शिकवलं. हात चांगला होता, हे आजही कबूल करतो. २०१२ साली त्याने बसस्टँडच्या बाजूला स्वतःचं दुकान टाकलं. त्याचं दुःख नाही, शिकलेल्या मुलाने दुकान टाकायलाच हवं. दुःख त्याच्या बोर्डाचं. बोर्डावर मोठ्या अक्षरात "फुल पॉवर" लिहिलं होतं.

एअरगनच्या धंद्यात हे दोन शब्द विष आहेत. गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न, किती लांब जाते? दुसरा, पत्रा फोडते का? मी त्याला दहा मीटरवर पाच छर्रे मारून दाखवायचो, पाचही एका शर्टाच्या बटणाखाली झाकले जायचे. तिकडे तो पत्र्याचा डबा फोडून दाखवायचा. माणूस डब्याला भुलतो. दीड वर्षात आमची विक्री निम्म्यावर आली. त्याच सुमारास एका पतसंस्थेत आमची ठेव अडकली. जळगाव जिल्ह्यात हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही.

आणि मग सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात कोणीतरी मोर मारला. १९७२च्या वन्यजीव कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला दगड मारणंही महागात पडतं. बंदूक सापडली ती एअरगन. कुठून घेतली, हे त्या माणसाने सांगेपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत शहरातल्या एअरगन विकणाऱ्या सगळ्यांचा माल उचलला गेला. आमच्या सदतीस बंदुका गेल्या.

माझी बाजू एका वहीने सांभाळली. पहिल्या बंदुकीपासून मी नोंदवही ठेवली होती. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, बंदुकीचा नंबर, कशासाठी घेतली, आणि क्रोनोग्राफ या वेगमापकावर मोजलेला छर्ऱ्याचा वेग. चौकशीला आलेल्या साहेबांनी ती वही उभ्याउभ्या चाळायला घेतली, मग खुर्ची ओढून बसले. मोर मारणाऱ्याचं नाव तिच्यात नव्हतं. ती बंदूक बसस्टँडकडून गेली होती, आत दुप्पट जोराची कमान घालून. माल सोडायला तरी चार महिने लागले. पावसाळ्याचे चार महिने. बंदुका परत आल्या तेव्हा नळ्यांत लाल गंज होता. बसस्टँडवाल्याने दंड भरला की नाही मला ठाऊक नाही, पण दुकान त्याने आठवड्यात उघडलं, आणि गावात बोभाटा आमच्या नावाचा झाला, कारण आमचं दुकान जुनं. "मोरवाले" म्हणायचे आम्हाला. मुलीला शाळेत म्हणाले. ते मी विसरलेलो नाही.

त्या दिवाळीत दुकान बंद करायचं ठरवलं होतं. आप्पा नव्हते राहिले. सदतीस गंजक्या बंदुका, आणि हातात पैसा नाही. तेव्हा गार्डसाहेब आले.

गार्डसाहेब मध्य रेल्वेचे, मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त. २००५पासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाचशे छर्ऱ्यांचा एक डबा नेणार म्हणजे नेणार. घरातल्या लांब पडवीत दहा मीटर मोजून खूण केलेली, शेवटी मातीने भरलेली लोखंडी पेटी. प्रत्येक टार्गेटवर तारीख आणि त्या दिवसाचं तापमान लिहितात. त्यांची बंदूक साधी, नळी मोडून भरायची, कमानीची. नवी घ्या म्हटलं तर हसतात. त्या सोमवारी त्यांनी बारा डब्यांचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "छर्रे दर महिन्याला एकेक द्या. पैसे आत्ता घ्या." मग बाही वर केली आणि माझ्याबरोबर नळ्या पुसायला बसले. मासेमारीची तंगूसची दोरी, तिला तेलात भिजवलेलं मलमलचं फडकं, एका टोकाने ओढायचं, फडकं पांढरं निघेपर्यंत. सदतीसपैकी एकतीस नळ्या वाचल्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही शेवटची पुसली.

गार्डसाहेबांकडून एक गोष्ट शिका. ते जळगावच्या सराफ बाजारात ओळखीच्या सोनाराकडे जाऊन छर्रे तोलायचे, मिलिग्रॅमच्या काट्यावर. डब्यावर ०.५३ ग्रॅम लिहिलेलं असतं, पण स्वस्त डब्यात ०.५१ही निघतो आणि ०.५५ही. वजनाप्रमाणे वेगळे करून ते तंबाखूच्या डब्यांत भरतात. एकाच डबीतले छर्रे मारले की कागदावरचा भोकांचा गोळा लहान होतो. छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यासही बघा, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर यांत फरक पडतो, आणि कोणता चालेल हे तुमची नळीच सांगेल. टार्गेटला सपाट तोंडाचेच छर्रे घ्या, कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात, गुण मोजताना वाद नको. शिसं आहे, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

२०१६ साली शस्त्र नियम आले आणि मला मनापासून बरं वाटलं. ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल तरच एअरगनला परवाना लागत नाही. त्याच्यावर गेली की ती परवान्याची वस्तू. जे आम्ही आधीपासून सांगत होतो ते कागदावर आलं. हिशेब सोपा आहे. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरने गेला तर आठ ज्यूल होतात, आणि ऑलिंपिकचा दहा मीटरचा खेळ एवढ्यावरच चालतो. सेकंदाला २७० मीटरने तोच छर्रा एकोणीस ज्यूलच्या पुढे जातो. म्हणजे जोर दुपटीहून जास्त झाला, नेम मात्र तसूभर सुधारला नाही, कारण कमानीच्या बंदुकीचा जोर वाढला की हिसका वाढतो. पिस्टन सुटताना बंदूक मागे येते, पिस्टन थांबताना पुढे जाते, आणि छर्रा तोवर नळीतच असतो. म्हणून अशी बंदूक घट्ट आवळू नका. डाव्या तळव्यावर नुसती टेकवा, तिला हलू द्या. रोज सारखी हलली की छर्रा रोज तिथेच लागेल. या दुहेरी हिसक्याने स्वस्त दुर्बिणीच्या काचा सुटतात, तेव्हा कमानीच्या बंदुकीवर बसेल अशीच दुर्बीण घ्या किंवा उघड्या माशीवर, म्हणजे नळीवरच्या साध्या नेमखुणेवर, शिका. मी उघड्या माशीवर शिका म्हणेन.

पैसे असतील आणि स्पर्धेत जायचं असेल तर पीसीपी, म्हणजे आधीच दाबाची हवा भरून ठेवायची बंदूक, घ्या. टाकीत दोनशे बार दाबाची हवा, हिसका जवळजवळ नाही. पण हातपंपाने भरताना दर पन्नास दाबांनंतर थांबा, पंप तापतो आणि हवेतलं पाणी टाकीत जातं. आणि आपल्याकडच्या मेमध्ये पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा हवा भरलेली बंदूक गाडीच्या डिकीत टाकून केळीच्या बागेत जेवायला जाऊ नका. चामडी वायसरवाल्यांनी मेमध्ये महिन्याला दोन थेंब तेल द्यावं. दोनच. जास्त झालं की आत भडका होतो, धूर निघतो, आणि लोक त्याला पॉवर समजतात.

हल्ली पोरं मोबाइलवर एअरबो दाखवतात आणि मागवून द्या म्हणतात. यंत्र सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. बाणाची दांडी पोकळ असते, ती बारीक नळीवर टोपीसारखी चढवायची, मागून दाबाची हवा सोडली की बाण नळीवरून निसटून जातो. धनुष्य नाही, दोरी नाही. अमेरिकेत क्रॉसमन कंपनीने २०१६मध्ये बेंजामिन पायोनियर आणला तो दोनशे बारच्या हवेवर चोवीस ग्रॅमचा बाण सेकंदाला १३७ मीटरने फेकतो. करा हिशेब. सव्वादोनशे ज्यूल, म्हणजे आपल्या मर्यादेच्या अकरापट. तिकडे ते शिकारीचं हत्यार आहे, तिकडच्या कायद्यात. इथे ते मागवणार नाही, सुटे भाग आणून जोडूनही देणार नाही. त्याच पोराला मी दहा मीटरवर उभं करतो. बाणच मारायचा असेल तर धनुर्विद्या शीक म्हणतो, खांदा तरी कमावशील. ऐकतात थोडे.

बसस्टँडकडचं दुकान २०१९ला बंद झालं. ते गृहस्थ आता दुसऱ्या धंद्यात आहेत आणि सत्काराला जातात.

२०२४च्या १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. ती रायफल पॉइंट टू टूची, काडतुसाची, आमच्या दुकानातली नव्हे, पण गार्डसाहेब संध्याकाळी पेढे घेऊन आले आणि पट्टीवरच्या प्रत्येक पोराच्या हातावर ठेवत म्हणाले, "आपल्या रेल्वेचा पोरगा." त्यांचं वय आता अठ्ठ्याहत्तर. गेल्या सोमवारी डबा नेताना बंदूक ठेवून गेले, वायसर गळतोय म्हणाले. पाचवा वायसर. बाजारात सिंथेटिक मिळतो, जास्त टिकतो, पण त्यांना चामड्याचाच हवा. चामडं काल रात्री भिजत घातलंय. वडिलांचा पितळी साचा मुलीने घासून ठेवलाय, आणि या वेळी वाटी ती दाबणार आहे.