आमची वाटचाल : कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती, बार्शी

२००२ साली आम्ही गाळा घेतला तेव्हा एमएस-सीआयटीची लाट होती. सेंटरं निघत होती, असेम्बल्ड मशीनं खपत होती. भांडवल म्हणजे पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेलं, मदरबोर्डचा बिघाड दाखवणारं डिबग कार्ड, एक मल्टिमीटर आणि रंगाऱ्याचा दीड इंची ब्रश. तो ब्रश अजून आहे. रॅम आणि स्लॉट साफ करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, ब्लोअरने धूळ नुसती जागा बदलते.

पहिली काही वर्षं पोट भरलं ते कीबोर्डने. मशीन चालू केलं की स्क्रीनवर यायचं : कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. लोक हसायचे, आमचं भाडं निघायचं. पीएस-टूचा, म्हणजे जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड असेल तर चालू करताना त्याचे तिन्ही दिवे एकदा लुकलुकतात का ते आधी बघायचं. लुकलुकले म्हणजे वीज पोचली. नाही लुकलुकले तर सॉकेटच्या तीन आणि चार नंबरच्या पिनेवर मीटर लावायचा. पाच व्होल्ट नसतील तर पोर्टजवळचा फ्यूज उडालाय. चालू मशीनमधून पिन उपसली की हे होऊ शकतं. फ्यूज बदलायला किरकोळ खर्च, पण गावात एक जण सरळ "बोर्ड गेला" सांगून नवा मदरबोर्ड विकायचा. क्रिम्पिंग, म्हणजे नेटवर्कच्या वायरला टोक बसवणं, आमच्याच टेबलावर शिकला होता. नाव घेत नाही.

छापखान्याचे अण्णा तेव्हापासूनचे गिऱ्हाईक. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिका, टीव्हीएस गोल्डचा पीएस-टू कीबोर्ड, अक्षरं घासून गेलेली. लग्नसराईत त्याचा टकटकाट बाहेर रस्त्यावर ऐकू यायचा. आम्ही नवा घ्या म्हणायचो, ते म्हणायचे, "बोटांना माहीत आहे, डोळ्यांना कशाला?"

मधली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग २०१६. एका संस्थेच्या लॅबची ऑर्डर मिळाली. इंटेलचे नव्या सहाव्या पिढीचे प्रोसेसर, १०० सिरीजच्या चिपसेटचे बोर्ड, आणि त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज सेव्हनच हवं. मशीनं जोडली. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, कीबोर्ड झकास. विंडोज सेटअपची भाषा निवडायची पहिली स्क्रीन आली की कीबोर्ड मेला, माऊसही मेला. एका मशीनचं नाही, सगळ्या लॅबचं. कीबोर्ड बदलले, पोर्ट बदलले, काही फरक नाही.

आमचा शिष्य तिथे पोचलाच. विश्वस्तांना म्हणाला, "माल डुप्लिकेट आहे." संस्थेने पेमेंट रोखलं, एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, काढून घेतली, ती त्याला दिली. गाव लहान. आठवडाभरात दोन बँक शाखा आणि एका दवाखान्याचं काम गेलं. इकडे डीलरचे उधारीचे फोन, तिकडे पतसंस्थेचा हप्ता. गाळा सोडायचा विचार घरात बोलून झाला होता.

माल अस्सल होता. इंटेलने त्या चिपसेटमधून यूएसबी पोर्ट चालवणारा जुना ईएचसीआय कंट्रोलर काढला होता, सगळे पोर्ट नव्या एक्सएचसीआयवर गेले, आणि विंडोज सेव्हनच्या डीव्हीडीत यूएसबी थ्रीचा ड्रायव्हरच नाही. बायोस स्वतः कीबोर्ड सांभाळतो म्हणून तिथे चालतो. सेटअपने ताबा घेतला की कीबोर्ड ओळखणारं कोणी उरत नाही. बोर्डावर अर्धा जांभळा अर्धा हिरवा पीएस-टू पोर्ट मात्र शिल्लक होता. तेव्हा दुकानात पीएस-टू कीबोर्ड एकही नव्हता. अण्णांनी चालू काम थांबवून आपला गोल्ड काढून दिला. त्यावर पहिलं मशीन उभं राहिलं. मग बूट आणि इन्स्टॉल, सेटअपच्या दोन्ही विम फायलींत ड्रायव्हर घालून पेन ड्राइव्ह बनवला आणि बाकी लॅब यूएसबी कीबोर्डवरच उरकली.

विश्वस्तांपुढे हे करून दाखवलं. ते म्हणाले, "बरं झालं." एएमसी त्याच्याकडेच राहिली.

नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांनी एवढं करावं. ड्रॉवरमध्ये एक पीएस-टू कीबोर्ड कायम ठेवा. यूएसबीचं हिरवं-जांभळं अडॅप्टर उलट दिशेने चालेल अशा भ्रमात राहू नका, जुना पीएस-टू कीबोर्ड यूएसबीला लावायचा तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. सेटिंग्ज दर वेळी पुसली जात असतील तर आधी बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला. सेल गेला की यूएसबी लेगसीसारखं (विंडोजच्या आधी यूएसबी कीबोर्ड चालू ठेवणारं) तुम्ही लावलेलं सेटिंग मूळपदावर जातं. डिलीट दाबूनही बायोस उघडत नसेल तर बऱ्याचदा मशीन झटपट चालू करणारं फास्ट बूट आडवं येतं. बोर्डाचं मॅन्युअल बघून सीमॉस, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग्ज, क्लिअर करा. आणि निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय संस्थेचं काम घेऊ नका.

अण्णांचा छापखाना आता मुलगा बघतो. गोल्डच्या एंटरचा स्विच मागच्या दिवाळीत बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. संस्थेकडे मात्र त्या लॅबच्या बिलातली शेवटची रक्कम अजून बाकी आहे. मार्च आला की आम्ही पत्र पाठवतो.