तुम्ही विचारलंत म्हणून: कापणार कधी?

आखाडात आमच्या कोल्हापुरात टेंबलाईच्या यात्रेला गल्लीगल्लीतून पी ढबाकची वाजंत्री वाजायला लागली की आमच्या फाटकाशी कुणी ना कुणी थांबतंच. परड्यात हिंडणाऱ्या कोंबड्या न्याहाळत विचारतं, "वहिनी, कापणार कधी?" गॅसची टाकी आणणारा विचारतो, माहेरचे तर माझ्याच हातचं जेवताना विचारतात. दहा वर्षं मी "बघू" म्हणून हसत आले. आता एकदा सगळंच सांगून टाकते.

मी शाकाहारी नाही. कसबा बावड्यात राहते, रविवारी आमच्याकडंही दुकानातून चिकन येतं आणि मी ते बोटं चाटत खाते. तेव्हा जीवदयेचं प्रवचन मला देऊ नका, मीही तुम्हाला देत नाही. दुकानातली कोंबडी पिल्लू असताना मी बघितलेली नसते, एवढीच माझी सबब. ती लंगडी आहे हे मला कळतं.

"मग फायदा काय?" हा जोडप्रश्न. अंडी मिळतात, पण गावठी कोंबडी पंधरावीस अंडी घातली की खुडूक होते, आणि पिसं झाडायला लागली की तेही बंद. कण्या-मक्याचा हिशेब धरला तर माझं अंडं बाजारापेक्षा महाग. खरं तर बागेला खत होईल म्हणून कोंबड्या आणल्या होत्या. पहिल्याच वर्षी ओली शीट वांग्याच्या रोपांना घातली आणि आठवड्यात रोपं करपली. ती उष्ण, महिनोन्महिने कुजवूनच घालायची असते. मेथी पेरलेला वाफा तर त्यांना मातीत लोळायलाच केलाय असं वाटतं. पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशाऱ्याला टेकली की लोक कागदपत्रं आवरतात, मी कोंबड्यांची डालगी मोजते. नाही हो, फायदा नाही.

आता माझ्या तांबडी कोंबडीचं.

त्या चैत्रात मी एका आठवडी बाजारातून कोंबडा आणला. तुरा असा की पोरं फोटो काढायला आली. बाहेरून आणलेलं पाखरू दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं, हे मला माहीत होतं. दुसरं खुराडं नव्हतं. रात्री त्याच खुराड्यात सोडला. आणि लस? तीही माहीत होती. पण कुपी शंभर डोसांची, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, आणि माझ्याकडं कोंबड्या अकरा. एकोणनव्वद डोस गटारात ओतायचे म्हणून दर वर्षी "पुढच्या खेपेला" म्हणायची.

पाचव्या दिवशी कवडी कोंबडी डोळे मिटून कोपऱ्यात उभी. हिरवं पातळ हगत होती, श्वासाला शिट्टी वाजत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ऐकूनच सांगितलं, राणीखेत. आपल्याकडं मानमोडी म्हणतात ती. औषध नाही, मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका. आठवड्यात तो कोंबडा धरून अकरा गेल्या. उरली तांबडी, सहा वर्षांची, माझ्या हातावर चढून दाणे खाणारी.

तिची मान मोडली. चोच आभाळाकडं, डोकं पाठीला लागलेलं, आणि पुढं जायला निघाली की मागं सरकायची. दाणा दिसायचा, चोच भलतीकडं आपटायची. मी मांडीवर घेऊन भिजवलेल्या पिठाच्या गोळ्या भरवायची, ड्रॉपरनं पाणी पाजायची. ह्यांनी दुसऱ्या दिवशी सुरी धुऊन ओट्यावर ठेवली. बोलले काही नाहीत. शेजारच्या आक्का कुंपणावरून म्हणाल्या, "अगं, सोडव की तिला. किती बघतीस?" मी सुरी उचलून फडताळात ठेवली.

सासूबाईंचं बोलणं जास्त लागलं. त्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, स्वतः कापल्या, आणि त्यांच्याइतकी माया कुणी केलेली मी पाहिली नाही. म्हणाल्या, "तू कोंबड्या पाळत न्हाईस, नुसती सांभाळतीस. पाळणाऱ्याला शेवटाचं बी करावं लागतं."

चौथ्या दिवशी सकाळी डालगं उचललं तर तिच्याखाली अंडं होतं. कवच नाही, नुसता पापुद्रा. तळहातावर घेतलं तर पाण्याच्या फुग्यासारखं डुगडुगलं, आत बलक हललेला दिसला. त्या अवस्थेतही तिच्या अंगानं ते काम सोडलं नव्हतं. त्या रात्री ती आपली आपणच गेली. शेवग्याखाली पुरली.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते की माझ्या हातून झालंच नसतं, एवढा जीव लावला होता. आज त्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, माझं भांडण आहे. तुझ्या हाताला रक्त नको होतं, म्हणून तांबडीनं चार दिवस काढले, असं मी तिला म्हणते. ती म्हणते, बरं, आता तरी चालवशील का सुरी? मग मी गप्प बसते. अजून तिथंच अडलंय.

खुराडं चुना मारून बरेच दिवस रिकामं ठेवलं. त्या वर्षी वांगी, घेवडा, पोकळा असा काही आला की विचारू नका. उकरायलाच कुणी नव्हतं. भाजी वाटताना लोक बागेची तारीफ करायचे आणि मला ती ऐकवायची नाही.

मग परत पिल्लं आणली. आता लस आणायची म्हणजे आधी गल्लीत फोन. ज्यांच्याकडं चार-दोन कोंबड्या आहेत त्या सगळ्यांनी एकाच सकाळी आणायच्या, मी थर्मासमध्ये बर्फात कुपी घेऊन बसते. गेल्या खेपेला एकाच कुपीत बेचाळीस झाल्या. उरलेले डोस ओतताना अजून जीव खालीवर होतो, ते सोडा.

पिल्लांतले तीन कोंबडे निघाले. मोठे झाल्यावर खुराड्यात रक्तबंबाळ व्हायला लागले. मी ते आक्कांना दिले. काय होणार ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. आखाडात त्यांच्याकडून डबा आला, खाली सुकं, वर पांढरा रस्सा. पोरांनी ताव मारला. मी वाटीभर रस्सा घेतला, त्यात आलेली फोड उचलून ह्यांच्या ताटात ठेवली. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "रस्सा चालतो व्हय?"

मी दुसरी वाटी घेतली.